राखणीच्या कोंबड्याचा पाय

कोंबड्याचा पाय दुखतोय का हे बघायचं असेल तर त्याला लगेच धरायचं नाही. आधी लांब बसून तो कसा चालतो ते बघायचं. कोणता पाय टेकताना मान जरा जास्त पुढे जाते, कोणत्या पायाची बोटं पुरती पसरत नाहीत, उभा राहिला की कोणता पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतो. हे मला बाबांनी शिकवलं. त्यांना कोणी शिकवलं होतं असं वाटत नाही. माणूस अंथरुणावर पडून राहिला की बघणं हेच त्याचं काम होतं.

आई गेली त्याला आता वर्ष होत आलं. तिच्याबद्दल लिहायला बसते आणि दर वेळी कागदावर आधी तो कोंबडाच येतो. म्हणून लिहिणं मी अनेकदा सोडून दिलं. आता वाटतं, त्याला येऊ द्यावं. 

आम्ही लालबागला राहायचो, गिरणीच्या भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या एका चाळीत, तळमजल्यावर. खोलीच्या मागच्या दाराबाहेर दोन चाळींच्या मधलं फरशीचं आवार होतं. तिथे नळ, धुण्याचा दगड आणि आमच्या दाराला लागून फळांच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून केलेला खुराडा. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती ती वर्षं. मी शाळेत वरच्या वर्गात होते. बाबा कापडखात्यात साचे चालवत. माग म्हणायचं ते पुस्तकात, गिरणीत सगळे साचाच म्हणत. त्यांच्या शेजारचे साचे ज्यांच्याकडे होते ते भाऊ चाळीतही आमच्या शेजारच्याच खोलीत राहत. भाऊ घाटावरचे, आम्ही तळकोकणातले, पण दोघे एकाच लाल बावट्याखाली. देवाधर्माची दोघेही चेष्टा करत. आईचं गाव सुटलं होतं, गावचा राखणदार मात्र सुटला नव्हता.

राखणदाराला आमच्याकडे देऊळ नसतं. गावाच्या शिवेवर एखादा दगड असतो, एखादं झाड असतं. वर्षाकाठी त्याला कोंबड्याची राखण द्यायची, आणि घरावर काही आलं तर गाऱ्हाणं घालून वेगळा कोंबडा बोलायचा. बाबांची छाती बिघडली आणि त्यांना शिवडीच्या इस्पितळात ठेवलं, तेव्हा आई स्टोव्हपाशी उभी राहिली, गावाच्या दिशेला तोंड केलं आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. माणूस बरा होऊन आपल्या पायांनी फिरायला लागला की मी स्वतः बोटीने येते आणि राखण देते. नुसता कोंबडा असं ती बोलली नाही. मामाने गावाहून टोपलीतून आणलेल्या पिल्लांत एक तांबडा नर होता, तोच तिने बोलला.

असा बोललेला कोंबडा मग घरचा राहत नाही. तो घरात कापायचा नाही, विकायचा नाही, त्याच्या जागी दुसरा चालत नाही. आणि तो धड असावा लागतो. डोळा गेलेला, तुरा फाटलेला, नखी तुटलेला चालत नाही. "मोडको-तोडको तेका चलना नाय," आई म्हणायची.

म्हणून ती त्याला फुलासारखा जपायची. आमच्या जेवणातला मऊ भात त्याला जाई. बाहेरच्या मांजरावर तिचा डोळा असे. भाऊ दारातून जाताना विचारायचे, "वैनी, कोंबडा हाय का जावई?"

"जावई असतो तरी तेचा एवढा केलंय नसतंय," आई म्हणायची.

हा जावई मोठा झाला तसा आवाराच्या भिंतीवर चढायला लागला आणि तिथून खाली फरशीवर धपकन उडी मारायला लागला. आईने एकदा त्याचे तळवे उलटून पाहिले तर ते लाल झालेले. तिला धास्ती बसली. खुराड्याची जमीनही फरशीचीच होती. तिने भाऊंना सांगितलं, "भाऊ, वाईच वेस्ट आणा."

साच्याखाली, बॉबिनच्या ढिगाजवळ जो सुताचा गुंता साठतो त्याला गिरणीत वेस्ट म्हणत. हात पुसायला, स्टोव्ह पेटवायला, उशीत भरायला चाळीत घरोघरी तो असायचाच. भाऊंनी पिशवीभर आणला. आईने दुपारभर बसून तो बोटांनी पिंजला, मोकळा केला आणि खुराड्यात गादीसारखा पसरला. पांढरा, स्वच्छ, मऊ. मी शाळेतून आले तेव्हा ती खुराड्यात हात घालून ती गादी दाबून बघत होती. गिरणगावात दुसऱ्या कोणीही हेच केलं असतं. सूत मऊ असतं एवढंच आम्हाला माहीत. खेड्यातल्या बाईने भाताचं तूस घातलं असतं, गवत घातलं असतं, आणि पुढचं काही झालं नसतं.

मग बाबांना घरी पाठवलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं. काय ते तिने मला सांगितलं नाही. पण येताना ती त्यांच्यासाठी नवी वाटी आणि नवा पेला घेऊन आली आणि दोन्ही वेगळ्या फळीवर ठेवले. बाबांची खाट मागच्या दाराशी लावली, वारा लागावा म्हणून. खाटेवरून आवार दिसे, खुराडा दिसे. बाबा पहिल्याच संध्याकाळी कोंबड्याकडे बघत म्हणाले, "हो माजो बदली कामगार काय?"

"गप ऱ्हवा," आई म्हणाली. "घराक इलात. आता फिराक लागा, की झाला."

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले. गावी गाऱ्हाणं चालू असताना जमलेले लोक मध्ये मध्ये असा होकार देतात. आईने पदराने तोंड पुसलं, पण ती हसली होती हे मी पाहिलं.

पुढे शहरात गोळीबार झाला आणि संचारबंदी लागली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोलीस उभे. अश्रुधूर खिडकीतून घरात यायचा आणि बाबांना तो सगळ्यांत जास्त लागायचा. आई ओला पंचा त्यांच्या तोंडावर धरून बसायची. भाऊ एकदा डोळे चोळत आत आले आणि बाबांच्या खाटेशी खाली बसून राहिले. "तू नाहीस तर मजा नाय बघ," ते बाबांना म्हणाले. बाबा म्हणाले, "माजी घोषणा दे मेल्या थयसर, माका दम पुरना नाय." त्या दिवसांत मागचं दार बंदच असायचं. कोंबडा खुराड्यात कोंडलेला. आई फळी वर करून दाणे आणि पाणी आत सारायची आणि फळी लावून टाकायची. त्याच्या पायांकडे बघायला कोणाला सुचणार.

दार उघडलं त्या सकाळी तो बाहेर आला आणि नळापर्यंत जाऊन थांबला. बाबा उशीला टेकून बघत होते. "डाव्या पायार भार देणा नाय तो," ते म्हणाले. आई पाणी भरत होती, तिथेच तिने हंडा खाली ठेवला.

मी त्याला धरला. डावा पाय उजव्यापेक्षा गरम लागत होता. बोटं सुजलेली, जाड झालेली, आणि बाहेरचं बोट जरा काळपट. आई म्हणाली काच गेली असेल. बाबांना वाटलं उडी मारताना पाय मुरगळला. मी दादरच्या वाचनालयातून कोंबडीपालनावरचं एक पातळसं पुस्तक आणलं. तिथल्या कपाटात शेतीच्या पुस्तकांना कोणी हात लावत नसे. खाटेशी बसून मी ते बाबांना वाचून दाखवलं. पायांची खवलं वर उचलली गेली असतील तर त्यांच्याखाली बारीक किडे असतात, तेल चोळावं. तळव्याला मधोमध काळी खपली असेल तर आत गाठ धरली आहे, मिठाच्या कोमट पाण्याने शेकून ती मऊ करावी. आम्ही खवलं पाहिली, ती गुळगुळीत होती. तळव्याला खपली नव्हती, पण जुना लालपणा होता. तेव्हा तीच गाठ, असं आम्ही तिघांनी ठरवलं. आई रोज परातीत मिठाचं पाणी करी, मी कोंबडा मांडीवर धरी, पाय भिजला की पुसून हळद आणि खोबरेल तेल लावून चिंधी बांधायची. आणि रोज संध्याकाळी त्याला परत त्या पांढऱ्या गादीवर ठेवायचं.

सूज वाढत गेली. गाठ कुठेच वर येईना.

एकदा सकाळी बाबांनी कोंबडा स्वतःच्या मांडीवर मागितला. आई नको नको म्हणत होती, त्यांच्या छातीला पिसं बाधतील म्हणून. त्यांनी ऐकलं नाही. मी कोंबड्याला जुन्या पंच्यात गुंडाळला, त्याच्या डोक्यावरूनही पदरासारखा पंचा घेतला. अंधार झाला की कोंबडा निमूट होतो. बाबांनी डोळे मिटले आणि नखाने बोटाच्या मुळाशी हळूहळू चाचपायला लागले. दम लागला की थांबत. साच्यावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताच्या, एवढ्या तारा असतात, त्यातली एक तुटली की विणकर ती नजरेच्या आधी बोटांनी शोधतो, असं ते पूर्वी सांगायचे. आता त्यांची बोटं काड्यांसारखी झाली होती आणि थोडी थरथरत होती. ती एका जागी थांबली.

"हयसर तार हा," ते म्हणाले.

आम्हाला काही दिसेना. सुजलेल्या मांसात एक बारीक घडी होती एवढंच. बाबांनी आपली कामाची पिशवी मागितली. तिच्यात साच्याच्या फणीतून तार ओढून घ्यायचा चपटा हूक होता, झिजून गुळगुळीत झालेला. आईने तो उकळत्या पाण्यातून काढून दिला. बाबांनी घडीत तेल सोडलं, ते मुरू दिलं, मग हुकाचं टोक आत सरकवलं आणि वर उचललं. टोकावर एक दोरा आला. मी ब्लेडने तो कापला. तो तुटल्यावर दुसरा दिसला, त्याच्याखाली आणखी. मधल्या बोटाभोवती थोडे वेढे होते, बाहेरच्या बोटाभोवती पुष्कळ. चालताना, उकरताना कोंबडा त्यांना स्वतःच आवळत गेला होता, आणि आम्ही भिजवत होतो तसे ते आणखी आत रुतत गेले होते. सगळं निघेपर्यंत बाबा घामाने भिजले. पंच्यावर दोऱ्यांचे तुकडे पडले होते. रक्त लागलेले, पण मधूनमधून अजून पांढरे.

आईने त्यातला एक तुकडा उचलला. चिमटीत धरून उजेडात पाहिला. मग बाहेर गेली, खुराड्यातली सगळी गादी उपसून काढली आणि आंघोळीच्या बंबात घातली. सूत भसकन पेटतं. ती ते जळेपर्यंत बंबासमोर बसून राहिली.

मग खुराड्यात वाळू आली. बसायला गोल दांडी होती तिच्या जागी मी रुंद फळी लावली, तिच्यावर गोणपाट. मधलं बोट सुधारत गेलं. जखमेला कंपाउंडरकडून आणलेलं जांभळं औषध लावत होतो, माश्या बसू नयेत म्हणून सैल पट्टी. पण बाहेरच्या बोटाकडे बघून काही सांगता येईना. बाबा रोज ते चिमटीत धरून बघायचे, ऊब आहे का. काळ्या रंगाची हद्द पुढे सरकते की मागे, ते बघायचे. आई दिवसातून कितीदा तरी विचारायची, "काय म्हणता ता?" आणि बाबा म्हणायचे, "आसा. जीव आसा."

एकदा आई रेशनच्या दुकानात गेली असताना मी त्यांना विचारलं, "बाबा, तुमचा राखणदारावर विश्वास नाही. मग एवढी मेहनत कशाला घेता?"

ते बराच वेळ श्वास गोळा करत होते. मग म्हणाले, "माका काय तेका धड करून देवाक पोचवचो नाय. पण ह्या बोट गेला ना, तर तुजी आवस जल्मभर तो गुंतो सोडयत बसतली."

मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं, की आपण बरे होणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. आणि ते कोणासाठी हा पाय वाचवायला बसले आहेत, तेही कळलं.

बोट वाचलं नाही. आई बाजारात गेली होती. मी पट्टी सोडत होते आणि चिंधीबरोबर ते हातात आलं. लवंगेसारखं काळं, कोरडं, वजन नसलेलं. मुळाशी जागा आधीच भरून आलेली, रक्ताचा थेंबही नाही. कोंबड्याला कळलंसुद्धा नाही. मी ते बाबांना दाखवलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं आणि इतका वेळ बघत राहिले, की मला वाटलं त्यांना झोप लागली.

"कात्री दी माका," ते म्हणाले.

मी दिली. त्यांनी ती उशाशी, दिसेल अशी ठेवली. बोट कागदात गुंडाळून मला म्हणाले, "ह्या खंय तरी टाकून ये. आणि आवस इली काय तू बोला नको."

आई आली, पिशवी खाली ठेवली, नेहमीप्रमाणे आधी कोंबड्याकडे गेली. बाबा खाटेवरूनच म्हणाले, "ता बोट मी काढलंय. कात्रीन."

आई वळली. आधी तिने कोंबड्याचा पाय पाहिला, मग कात्री, मग बाबांना.

"तुमी?"

"व्हय. जित्या होता, पण सडाक लागलला. कोण रोज रोज करीत बसतलो."

"माका इचारूक नाय?"

"तुज्या राखणदाराक इचारलंय. व्हय म्हणालो."

मग आई बोलायला लागली. आमच्या घरात आवाज चढत नसे. त्या दिवशी नळावरच्या बायका घागरी भरायच्या थांबल्या. "देवाच्या वस्तूक कात्री लावलात तुमी? बावटो खांद्यार घेतलो म्हणून कोणाचा काय ठेवचा नाय? स्वताच्या जीवाची नाय, माज्या तरी जीवाची..." भाऊ दाराशी आले, तर बाबांनी त्यांना हाताने जा म्हणून खुणावलं. बाबा भिंतीकडे वळून पडून राहिले. मी त्यांच्या उशाशी उभी होते, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसत होता. साच्यावरचा कापडाचा ताका पुरा करून उतरवल्यावर त्यांचा चेहरा व्हायचा तसा तो होता.

त्या दिवसापासून आई त्यांच्याशी थेट बोलायची बंद झाली. काम सगळं करायची. पाठ पुसायची, पेज भरवायची, थुंकीचं भांडं धुवायची, पण तोंडाने मला सांगायची. "तेंका सांग, पेज निवाली." बाबा म्हणायचे, "तिका सांग, मीठ घाल म्हणान." मी दोघांच्या मधे उभी राहून ऐकलेलंच पुन्हा सांगायची. कधी कधी त्यात बाबांना गंमत वाटायची. "तिका सांग, आज साडी बरी दिसता." आई त्यावर भांडं जरा जोरात आपटायची. नवा कोंबडा आणा असं भाऊंनी एकदा सुचवलं. आई म्हणाली, "दुसरो चलना नाय. कोणी ठेवलो तो धड?" हे तिने बाबांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं.

बाबा गेले ती दुपार होती. रस्त्यावरून मोर्चा चालला होता आणि घोषणा भिंतीवर आपटून परत येत होत्या. आई कोमट पाणी घेऊन आली, अंग पुसायला. दारातच थांबून मला म्हणाली, "तेंका इचार, उठान बसतत काय."

मी वाकून विचारलं. मग पुन्हा विचारलं.

आईच्या हातातलं पातेलं तसंच होतं. ती मला म्हणाली, "परत इचार." 

त्यानंतरचं मी लिहू शकत नाही.

कोंबडा राहिला. राखणदाराला तो चालत नव्हता, आम्हाला तो कापता येत नव्हता, विकता येत नव्हता. आई त्याच्याशी कधी बोलली नाही, पण त्याचं काही चुकूही दिलं नाही. डाव्या पायाने तो लंगडतच राहिला, आणि सगळा भार उजव्या पायावर यायला लागला. मग त्या पुस्तकात लिहिलेलं ते दुखणं खरंच आलं, उजव्या तळव्याला. मधोमध काळी खपली, तिच्याभोवती फुगलेली गाठ, दाबली की कडक. आता ते ओळखायला आम्हाला वेळ लागला नाही. पुन्हा परात, पुन्हा मिठाचं कोमट पाणी. खपली मऊ करायची, कडेकडेने सोडवायची, आतला खडा अलगद काढायचा, औषध भरायचं, कापसाची घडी ठेवून पट्टी बांधायची. पट्टीसाठी आई आता दोरा वापरत नसे. जुन्या धोतराची रुंद पट्टी फाडायची आणि तिच्या टोकांची गाठ मारायची, एकही सूत लोंबत नाही ना हे उजेडात बघून. गाठ बरी व्हायची आणि काही महिन्यांनी पुन्हा धरायची, कारण लंगडणं तर थांबणार नव्हतं.

मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीवर दिवे लावले होते. भाऊ नवे कपडे घालून मागच्या दाराशी आले, आत बाबांची खाट होती त्या जागेकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "झाला बरं का, गड्या." मग नाक ओढत निघून गेले. सगळी चाळ दादरच्या बाजूला लोटली होती. आवार मी कधी पाहिलं नव्हतं इतकं रिकामं होतं. नळावर कोणी नव्हतं. आई परात घेऊन बसली होती, मी कोंबडा धरला होता, आणि लांबून ताशे ऐकू येत होते.

मला वाटलं आता सांगावं. बाबांनी बोलू नको म्हटलं होतं, पण त्यांच्यावरचा तिचा राग असाच राहावा हे मला बघवत नव्हतं. मी म्हटलं, "आई, ते बोट बाबांनी कापलं नव्हतं. ते आपणच गळून पडलं. पट्टीबरोबर माझ्या हातात आलं."

आईने मान वर केली नाही. कोंबड्याच्या तळव्यावर अंगठा फिरवत होती.

"माका म्हायत हा," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तेच दिवशी. जित्या बोट कापला तर रगात येता गो. पलंगपोसार थेंब नाय, कात्रीक डाग नाय. आणि तेंच्या हातात कात्री चलवची ताकद खंय होती?"

ताशांचा आवाज जवळ आल्यासारखा झाला आणि परत लांब गेला.

"मग तू एवढी का चिडलीस? सगळे दिवस का बोलली नाहीस त्यांच्याशी?"

"तेंका ता व्हया होता," आई म्हणाली. "माजा वझा तेंनी आपल्यार घेतल्यानी. मी गप ऱ्हवान चलला नसता. तेंका कळला असता माका कळला म्हणान. मगे तेंनी केला ता फुकट गेला असता." तिने पाय पाण्यातून काढला, पुसला, उजेडाकडे फिरवून बघितला. "पडान पडान तेवढाच एक करूक मेळला तेंका. करूक दिलंय."

"पण आई..."

"व्हय," ती म्हणाली. "बोलाचा होता माका. खूप काय काय होता बोलाचा." आणि मग तिने परातीत हात घातला. "पानी निवला. दुसरा आण."

मी आत जाऊन पाणी तापत ठेवलं. स्टोव्हच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, हे बरं होतं.

तो कोंबडा पुढे म्हातारा होऊन मेला. आईने त्याला गावी नेला नाही आणि चाळीत कोणाला खाऊही दिला नाही. भाऊंना सांगून शिवडीकडच्या मोकळ्या जमिनीत पुरून घेतला. गावच्या राखणदाराचं नाव तिने त्यानंतर घेतलं की नाही मला माहीत नाही. माझ्यासमोर घेतलं नाही. त्या बोटाबद्दलही आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. ती मात्र सूत दिसलं की उचलायची. रस्त्यात, मंडईत, माझ्या दादरच्या घराच्या गच्चीवर, जिथे कबुतरं यायची तिथे. वाकून दोरा उचलायचा, बोटाला गुंडाळायचा आणि कमरेला खोचायचा. शेवटची वर्षं तिला वाकवत नसे, तर मला नुसती जागा दाखवायची.

गेल्या वर्षी ती गेली तेव्हा मी तिच्याजवळ होते. तिला ऐकू येत होतं का, सांगता येत नाही. नर्स म्हणाली, कदाचित येत असेल. मी तिचा हात धरून बोलत राहिले. काय बोलले ते आता आठवत नाही. भाव काय झालेत, कोण येऊन गेलं, गच्चीवर आता कबुतरं कमी येतात, असलंच काहीबाही. मध्ये एकदा नर्स म्हणाली, तुम्ही जरा पडा, त्यांना काही सांगायचं असेल तर मी सांगते. मी म्हटलं नको, मीच बोलते.